जीपवरून आलेले डबे

किस्से आम्हाला गोळा करावे लागत नाहीत. टेबलाखाली मेलेल्या बॅटऱ्या साठतात तसे ते आपोआप साठतात. एक दिवस पाय लांब करायला जावं तर जागाच नाही! मग मी एकेक बाहेर काढते आणि जो समोर बसला असेल त्याला सांगून टाकते. आज तुम्ही सापडलात. चहा यायला वेळ आहे, तोवर ऐका.

पण आधी आमचं काम कसं चालतं ते सांगते. नाहीतर तुम्ही मध्येच "काहून?", "कसं काय?" करत बसाल, आणि मला मध्ये तोडलेलं चालत नाही.

आमचं दुकान शेलूबाजारला, हायवेवर, जीपा थांबतात त्याच्या अगदी समोर. काम एकच. टीव्हीखाली, कॉम्प्युटरखाली, वायफायच्या डबीशेजारी तो काळा ठोकळा असतो ना, लाइन गेली की बीप बीप करणारा, तो यूपीएस दुरुस्त करायचा. सगळ्यात स्वस्तातला, घरगुती. त्याला आमच्याकडे कोणी यूपीएस म्हणत नाही, 'डबा' म्हणतात. आत असतं काय? एक बॅटरी, एक ट्रान्सफॉर्मर, एक बोर्ड आणि बोंबलायला एक बझर. बस्स.

गंमत अशी की डबा येतो, माणूस येत नाही. आजूबाजूचे लोक भाजीपाला करणारे. सकाळी तोडणी, दुपारी पाणी, संध्याकाळी माल भरायचा. डबा घेऊन इथवर यायला वेळ कोणाला आहे? ते डब्याला सुतळी बांधतात, सुतळीत चिठ्ठी खोचतात. नाव, गाव, फोन नंबर आणि तक्रार. मग रस्त्यावर उभं राहून जीपला हात करतात आणि डबा चढवून देतात. वांग्याच्या पोत्यावर बसून डबा येतो आणि दुरुस्त होऊन तसाच परत जातो. ज्या घरांचे डबे मी वर्षानुवर्षं उघडते, त्यातली माणसं रस्त्यात भेटली तर मला ओळखू येणार नाहीत. अक्षर मात्र लगेच ओळखीन!

दुकान बबनकाकांचं. जुने रेडिओ मेकॅनिक. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी पेचकस माझ्या हाती दिला. मी वंदना, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स, वाशिम. त्या वेळी अर्धे जीपवाले म्हणाले होते, "बाईच्या हाती डबा द्याचा? त्यापरीस मंगरूळले पाठवू ना!" तेव्हापासून मी एक नेम धरला. आलेला प्रत्येक डबा उघडायचा. तक्रार काही का असेना, चारही स्क्रू काढायचे, आत बघायचं, आणि बिघाडाचं कारण चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवायचं. "कारण सापडलं नाही" असं एकदा जरी लिहून गेलं ना, की संपलं! लोक म्हणणार, बाईले समजलं नाई. माझं इथलं सगळं बस्तान त्या चिठ्ठीमागच्या ओळीवर उभं आहे.

आणि डबे असे येतात, राजेहो, की काय सांगू!

*

इंझोरीहून एक डबा आला. चिठ्ठीवर तक्रार दोनच शब्दांची: "हा रडते."

मी काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "शिकेल मानसानं लिहिलं नसन. लाव त्याले बल्बावर."

बल्बावर लावणं ही आमची परीक्षा. डब्याला शंभरचा पिवळा बल्ब जोडायचा, भिंतीतली पिन काढायची आणि बल्ब किती वेळ जळतो ते बघायचं. मी पिन काढली. बल्ब जळत राहिला. आणि डबा रडला.

थट्टा नाही करत. बीप नाही, घरघर नाही. तान्ह्या लेकराच्या तोंडावर कोणी हात ठेवला तर कसं हुंदकेल, तसं. थांबून थांबून. काउंटरपाशी एक बाई रिमोटचे सेल घ्यायला उभी होती. ती "मी येतो मंग" म्हणाली आणि सेल न घेताच गेली. काकांचे हात एरवी सारखे थरथरत असतात, त्या दिवशी ते थांबले! मला तर डब्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

पण नेम म्हणजे नेम. चार स्क्रू काढले. बघते तर बझरच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. घट्ट, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढं. बीप त्या मातीतून घुसमटत बाहेर यायची. सुईनं माती कोरली, बीप खणखणीत झाली. मला एवढा आनंद झाला की चिठ्ठीवर कारण लिहून वर फोनही केला.

"भाऊ, माशीचं घर होतं आत. आता नाई रडनार."

 मग तो माणूस हळूच म्हणाला, "ताई, आमची सून तं त्याले पाळन्यात टाकून झोका देत होती."

"अवो, मातीच्या घराले झोका देऊन काय होनार?"

"झोका देला का चूप व्हायचा ना वो तो!"

त्याचं कारण मी लिहिलं नाही. चिठ्ठीवर जागा उरली नव्हती.

*

रफीकभाई म्हणजे इंझोरीच्या बाजूनं येणाऱ्या जीपचे ड्रायव्हर. माणूस देवासारखा, पण घाबरट! एकदा भर दुपारी जीप दुकानासमोर उभी केली, खाली उतरले आणि एक डबा दोन बोटांनी धरून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मेलेला उंदीर धरतात तसा.

"ताई, हा डब्बा मी वापस नाई नेनार. पह्यलेच सांगून ठेवतो."

"काहून? काय केलं त्यानं?"

"बोलते."

झालं होतं असं. डबा बंद होता. कुठेही जोडलेला नाही, मागच्या बाकाखाली ठेवलेला. गावापासून निघाले तर गुमान. मसणवटीजवळ जीप आली आणि डबा वाजला. बीप! पुढे गेले तर पुन्हा चूप. मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. रफीकभाई म्हणाले, योगायोग असेल. पण तिसऱ्या दिवशी त्याच गावचा दुसरा डबा आणताना पुन्हा तिथेच, त्याच जागी, बीप! एका म्हातारीनं तर टोपलीतल्या मेथीची जुडी काढून खिडकीतून बाहेर टाकली आणि हात जोडले.

कारण शोधायला मला डबा उघडायचीही गरज नव्हती. तरी उघडला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये बसून आलेही. मसणवटीसमोर गावानं नवा गतिरोधक घातला होता, चांगला ढोपराएवढा. जीप उसळली की बाकाखालचं कांद्याचं पोतं डब्याच्या बटनावर बसायचं. बटन दाबलं गेलं की डबा चालू, आणि समोर लाइन नाही म्हणून बीप. पुढे पोतं सरकलं की बंद. एवढंच!

मी सगळं समजावून सांगितलं. रफीकभाईंनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हौ ताई, समजलं. पोतं दाबते, बटन दाबते. सब ठीक. पन एक सांगा. कालच्या डाव जीपीत पोतंच नव्हतं."

तेव्हापासून डबे पुढच्या सीटवर बसून येतात. त्यांच्या शेजारी.

*

एक बारकासा सांगते आणि पुढे जाते. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला डबा आला. कडेकडेनं शिवलेला, वर हळदीकुंकू. चिठ्ठी: "आज सकाळी गेला. दिवस मावळायच्या आत घराबाहेर काढला. तपासून सांगा खरंच गेला का."

मी तपासला. खरंच गेला होता. ट्रान्सफॉर्मरसकट. फोन करून सांगितलं तर पलीकडे बाई रडायला लागली.  काका मागून म्हणाले, "सांत्वन कर ना बापा, फोन काहून धरून बसली?" मी केलं सांत्वन!

*

वनोज्याचे एक रिटायर गुरुजी आहेत. गणिताचे. त्यांचं अक्षर म्हणजे काय अक्षर! त्यांच्या डब्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "यंत्र भविष्य सांगते. कृपया पाहावे."

प्रकार असा की गुरुजींचा डबा लाइन जायच्या आधी वाजायचा. लाइन गेल्यावर नाही, आधी! बीप झाली की मोजून अर्ध्या मिनिटानं गावाची लाइन जायची. आधी गल्लीतले लोक हसले. मग डब्याच्या भरवशावर पाण्याच्या मोटारी बंद करायला लागले. मग ओसरीत येऊन बसायला लागले. एकानं तर डब्याला हात जोडून विचारलं म्हणे, माह्या पोरीचं जुळन का नाई यंदा!

मी उघडला. आत सगळं ठीक. दोन दिवस डोकं खाजवलं. मग गुरुजींनाच फोनवर विचारत विचारत कारण काढलं. दुपारी वावरातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. व्होल्टेज धाडकन उतरायचं. डब्याला ते आधी समजायचं, तो वाजायचा. मग भार सोसला नाही की पूर्ण लाइनच जायची. गुरुजी खूश! म्हणाले, "वा वंदना, बरोबर. उत्तर पटलं."

महिन्याभरानं तोच डबा पुन्हा आला. तेच अक्षर, पण वाकडं: "कारण मान्य आहे. तरीही यातला आवाज काढून टाकावा."

मी फोन लावला. "गुरुजी, काहून? आता तं सगळ्याइले समजलं ना?"

"परवा वाजला वो. आमी सगळे बसलो वाट पाहत, आता जाईन लाइन. नाई गेली. पंखा फिरत राह्यला. मी घड्याळीकडं पाहून राह्यलो होतो, सवयीनं. अर्धं मिनिट झालं अन् आतल्या खोलीतून वहिनी ओरडली. दादा वारले."

 मी म्हटलं, "गुरुजी, व्होल्टेज उतरलं असन. मोटारी चालू झाल्या असतीन."

"मले समजते ना बाई. मी गनित शिकवलं आयुष्यभर. व्होल्टेजच उतरलं असन." मग म्हणाले, "पन तू आवाज काढ."

काढला.

*

आता हा किस्सा काकांच्या चुकीचा. ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

पावसाळी दिवस, चिठ्ठ्या ओल्या. दोन डबे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. काकांनी चिठ्ठ्या वाळवायला काढल्या आणि पुन्हा बांधताना अदलाबदल केली. याचा त्याला, त्याचा याला. डबे गेले. दोन्ही चालू, दोन्ही घरं खूश. कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

चार दिवसांनी जीपमधून एक म्हातारेबुवा उतरले. हातात काठी, डोळ्यांनी पूर्ण आंधळे. रफीकभाईंनी हाताला धरून दुकानात आणलं. आमच्या दुकानात डब्याबरोबर आलेलं हे पहिलं माणूस! कमरेवर डबा होता.

"हा आमचा नाई," बुवा म्हणाले.

काका चिडले. "बुवा, चिठ्ठीवर तुमचंच नाव हाय. तुमाले काय दिसते?"

"दिसत नाई म्हनूनच सांगतो."

त्यांचा खरा डबा दुसऱ्या घरून आधीच परत आला होता, फ्यूजसाठी. मी कारण तपासून तो बल्बावर लावला होता. एकूण नऊ डबे होते त्या वेळी फळीवर, सगळे चालू, सगळे घूं करून घुमत होते. बुवा काठी टेकवत फळीपाशी गेले. एकेका डब्यावर तळहात ठेवला. पहिला, दुसरा, तिसरा. सातव्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"हा माह्या घरचा."

होता! मी डब्यामागचा नंबर वहीशी जुळवून पाहिला, तोच होता. म्हटलं, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्या असतील, प्रत्येकाचा घूं थोडा वेगळा येतो, आंधळ्या माणसाचा कान तिखट. कारण तयार! तरी विचारलं, "बुवा, कसं काय ओळखलं?"

"याच्यात बाई गुनगुनते."

"कोनती बाई?"

"मले काय ठाऊक? तू बाई हाय. तूच विचार तिले."

बुवा डबा घेऊन गेले. मी पट्ट्यांचं कारण लिहून दिलं, चांगल्या अक्षरात. पण एक सांगू? त्यांनी सांगेपर्यंत मला तो नुसता घूं वाटत होता. नंतर तो काढून नेईपर्यंत मी त्या फळीकडे पाठ करून बसू शकले नाही.

*

चहा आला वाटतं. घ्या. हा शेवटचा, आणि हा मी सगळ्यांना सांगत नाही.

इंझोरीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून डबा आला. तिथली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि लेकरंवाल्या बाया राहतात. चिठ्ठीवर नाव शोभा. तक्रार: "उंदरानं वायर कुरतडली. वायर बदलून द्या. आत उघडू नका."

उघडू नका! मला? मी वाचून हसलेच. काका म्हणाले, "लोकाच्या मनासारखं कर कधीतरी. वायर बाहेरून बदलता येते." मी म्हटलं, "आन् आत काही जळालं असन तं? नाव कोनाचं जाईन?" आणि चारही स्क्रू काढले.

आत बॅटरी नव्हती.

बॅटरीची जागा रिकामी. तिथे कोळ्याचं जाळं, जुनं, धुळीनं पांढरं झालेलं, एक धागा तुटलेला नाही. बॅटरीला लागणाऱ्या दोन वायरी, लाल आणि काळी, मोकळ्या लोंबत होत्या. टोकं हिरवी पडलेली. म्हणजे आज-काल कोणी काढली नव्हती. कित्येक वर्षं त्या डब्यात बॅटरी नव्हतीच.

मला असा संताप आला! म्हटलं, कोण्या मेल्यानं या बाईला रिकामा डबा गळ्यात मारला आणि वर 'उघडू नका' सांगून ठेवलं. मी जाळं पुसलं, टोकं घासली, नवी बॅटरी बसवली, वायर बदलली. बल्बावर लावला, अठरा मिनिटं चालला. चिठ्ठीमागे ठासून लिहिलं: "आत बॅटरीच नव्हती. नवीन टाकली आहे." आणि मोठ्या ऐटीत पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी डबा परत. चिठ्ठीवर अक्षर घाईचं: "ताई बॅटरी काढून घ्या. पह्यलेसारखं करून द्या. लवकर करा."

मी तिथल्या तिथे फोन लावला. मागून लेकराच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"शोभाबाई, पह्यलेसारखं म्हंजे काय वो? पह्यले तं तो रिकामा होता!"

"असन ताई. पन चालत होता."

"कसा चालन? लाइन असली तवा चालत असन. लाइन गेल्यावर?"

"लाइन गेल्यावरच तं लागते मले," ती म्हणाली. "माह्या अंजूले दमा हाय. वाफ द्याची मशीन त्याच्यावर लावतो. दुपारी लाइन जाते तं तीन-तीन घंटे येत नाई. तवर दोन-तीन डाव वाफ द्या लागते. पह्यले लाइन येईलोक चालत होता. आता तुमी उघडला तवापासून पाव घंट्यात बंद पडते. काल लय तरास झाला तिले. नखं निळी पडली होती ताई."

 मी म्हटलं, "तिचे बाबा?"

"ते सगळे उसाले गेले. मी अन् अंजूच हाय."

फोन ठेवला. काका सगळं ऐकत होते. ते किस्से ऐकून हसणारे काका, त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "ते काय म्हनते ते सोड. तू मोठी बॅटरी घे, बाहेर ठेवाची, लांब वायरीनं जोडून दे. दोन अडीच घंटे कुठं नाई गेले. आन् स्वतः जा. चिठ्ठी नको लिहू याच्यावर."

मी लहान बॅटरी काढली, डबा उघडाच पिशवीत टाकला, मोठी बॅटरी मांडीवर घेतली आणि रफीकभाईंच्या जीपमध्ये पुढे बसले. वाटेभर एकच विचार. मी उघडला नसता तर? पण न उघडता तो चालत होता, हे तरी मी कसं खरं मानू? त्यात काहीच नव्हतं हो! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लाइन गेलेली. शोभा दारातच उभी. पंचविशीची असेल, बारीक अंगाची. "या ताई, या लवकर," एवढंच बोलली. आत खाटेवर अंजू बसली होती, पाच-सहा वर्षांची. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढलेले, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. शिट्टीसारखा आवाज. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिला तेवढी फुरसत नव्हती.

मी म्हटलं, "आधी दवाखान्यात नेऊ!" रफीकभाईंनी जीप वळवून चालूच ठेवली होती. शोभा म्हणाली, "नेऊ ताई, पन दवाखाना पाऊन घंट्यावर हाय. एक डाव वाफ जाऊ द्या, नाईतं पोचनार नाई ते." औषध तिनं आधीच मशीनमध्ये भरून ठेवलेलं. मास्क अंजूच्या तोंडाला लावलेला. मशीनची पिन तिनं माझ्या डब्यात खोचली, मशीनचं बटन दाबून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी जमिनीवर बसकण मारली. डबा समोर, झाकण नाही, मोठी बॅटरी मांडीवर. लाल वायर धरली, काळी धरली. हजार वेळा केलेलं काम, डोळे मिटून करीन. पण त्या दिवशी  वायर बॅटरीच्या खिळ्यावर बसेचना. घामानं बोटं सटकत होती. मागे अंजूची शिट्टी बारीक व्हायला लागली. बारीक होणं चांगलं नसतं, एवढं मलाही कळत होतं. "थांब माय, थांब, एक मिनिट," मी म्हणत होते. कोणाला म्हणत होते कोण जाणे.

आणि मशीन सुरू झाली.

घर्रर्र करून, जोरात. मास्कमधून वाफ यायला लागली. मी म्हटलं, चला, लाइन आली! वर पाहिलं. खोलीतला बल्ब बंद. बाहेर शेजारच्या घरचा पंखा बंद. डब्याची भिंतीत जायची पिन माझ्या पायाशी पडलेली, मातीत.

मी खाली पाहिलं. बॅटरी माझ्या मांडीवर होती. लाल वायर माझ्या उजव्या हातात, काळी डाव्या हातात. दोन्ही मोकळ्या.

मी हलले नाही.  शोभा खाटेवर बसली होती, अंजूच्या पाठीवरून हात फिरवत. पोरीचे खांदे हळूहळू खाली आले. गळ्याखालचा खळगा भरत आला. वाफ संपेपर्यंत, दहा-बारा मिनिटं, मी त्या दोन वायरी हातात तशाच धरून बसले होते.

मग अंजूनं स्वतःच मास्क बाजूला केला आणि पाणी मागितलं. शोभानं तिला पाणी दिलं. आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू, देवघरात बोलतात तशी म्हणाली, "झाकन लावा ताई आता."